अंगठा

वाघोडियाच्या न्यायालयात कामानिमित्त बडोद्याहून जाण्याचा माझा परिपाठ आता बराच जुना झाला आहे. एके काळी हा सारा मुलूख शेतीचा होता. पुढे औद्योगिक वसाहत आली, तिच्या पाठोपाठ मोठमोठी विद्यालये आली, जमिनीला मोल चढले, आणि ज्या घरांत वाटणीचा शब्दही कधी निघाला नव्हता त्या घरांतील माणसे कागद घेऊन वकिलांच्या टेबलाशी बसू लागली. गेल्या पावसाळ्यात अशाच एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या होत्या. वडिलार्जित जमिनीतील आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून देण्याचा दस्तऐवज त्यांना करावयाचा होता. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. अशा वेळी दस्तऐवज वाचून दाखवावा, समजावून सांगावा, आणि तसे केल्याचे त्याच कागदावर नमूद करावे, असा आमच्या धंद्यातील दंडक आहे. मी तो पाळला. बाईंनी तीन प्रश्न विचारले. त्यांतील दुसरा तर असा मार्मिक होता की, मला दस्तऐवजातील एक कलम खोडून पुन्हा लिहावे लागले. अर्ध्या तासाने त्यांनी शाईच्या गादीवर अंगठा टेकला आणि तो कागदावर उठवला.

हे चालले असता त्यांचा नातू शेजारच्या बाकावर बसला होता. कानांत श्रवणयंत्राच्या गुंड्या, डोळे मोबाईलवर. त्या अर्ध्या तासात त्याचा अंगठा किती वेळा हलला हे मी मोजले नाही. परंतु तो थांबलेला मात्र मी पाहिला नाही. चित्र वर सरके, दुसरे येई. एखाद्यावर अंगठा दोनदा टेकला जाई आणि तांबडे हृदय उमटून नाहीसे होई. त्या मुलाला तो काय करीत आहे हे कोणी वाचून दाखविले नव्हते, की समजावून सांगितले नव्हते. आणि तो तर साक्षर होता, पदवीच्या वर्गात शिकत होता.

बडोदे राज्याची प्रजा म्हणून आमच्या वाडवडिलांना एका गोष्टीचा अभिमान असे. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागातील काही खेड्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती सर्व राज्यास लागू केली. कायदा करणे आणि तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचणे यांत किती अंतर असते ते त्या बाईंचा अंगठा सांगतच होता. तरीही अंगठ्याच्या जागी सही यावी, हे त्या साऱ्या खटाटोपाचे एक साधे आणि दिसून येणारे फळ होते. सही करणारा मनुष्य वाचून सही करतो, असे कायदा गृहीत धरतो. म्हणून अंगठ्याला जे संरक्षण मिळते ते सहीला मिळत नाही. आणि आता, शंभराहून अधिक वर्षांनंतर, सही करू लागलेल्या पिढ्यांच्या वंशजांनी पुन्हा अंगठा पुढे केला आहे. या नव्या अंगठ्याला जुन्यापैकी कोणता न्याय लावावयाचा, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

यंत्राची रचना थोडक्यात सांगतो. फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला तो फेब्रुवारी २००९ मध्ये. त्याआधी २००६ साली एझा रास्किन या अभिरचनाकाराने न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली होती; पान संपत आले की पुढचे आपोआप जोडले जाते, ‘आणखी पाहावयाचे आहे काय’ असे कोणी विचारीत नाही. पुढे या युक्तीबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. व्हॉट्सॲपवर निरोप वाचला गेल्याची निळी खूण आली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये. आणि उत्तर लिहिण्यास झालेला विलंब, जो पूर्वी टपालाच्या माथी मारता येत असे, तो एका रात्रीत आपल्या स्वभावाचा दोष ठरला.

या साऱ्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व मात्र मोबाईलपेक्षा पुष्कळ जुने आहे. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरील आपल्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध केला. कळीवर ठरावीक टोचे मारल्यावर नेमाने दाणा मिळत असेल, तर कबूतर दाणा खाते आणि काही वेळ स्वस्थ बसते. परंतु दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, कधी तिसऱ्या टोच्याला, कधी चाळिसाव्या, तर ते स्वस्थ बसतच नाही, एकसारखे टोचत राहते. जुगाऱ्याचे मन याच नियमाने बांधलेले असते. आपण मोबाईल उघडतो तेव्हा कधी काहीच आलेले नसते, कधी एखाद्या विसरलेल्या मित्राचा शब्द आलेला असतो. आणि तो एक शब्द पुढल्या चाळीस वेळांची बेगमी करून ठेवतो.

माणूस म्हणजे कबूतर नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच कबुतरांना सोडून मी स्वतःची हकीकत सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. पण दुसऱ्यांच्या दुबळेपणावर निबंध लिहिणे फार सोपे असते.

तीन वर्षांपूर्वी माझी आई वारली. त्याच रात्री मी तिच्याविषयी चार ओळी लिहिल्या आणि त्या फेसबुकवर घातल्या. त्या ओळी खऱ्या होत्या, हे मी आजही म्हणेन. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी, अस्थी गोळा करून परत येताना, मी गाडीत मोबाईल काढला आणि किती जणांनी खूण केली ते पाहिले. तिसऱ्या दिवशी पाहिले, चौथ्या दिवशी पाहिले. पाचव्या दिवसापासून मी आकड्याऐवजी नावे पाहू लागलो. कोणाचे नाव आहे यापेक्षा कोणाचे नाही, हे मला अधिक स्पष्ट दिसू लागले. फोंड्याचा माझा मामेभाऊ, ज्याला आईने लहानपणी दोन वर्षे आमच्या घरी ठेवून घेतले होते, त्याचे नाव त्यांत नव्हते. त्याने त्या ओळी वाचल्या होत्या, एवढे मला कळले होते. मग मनात त्याच्याविषयी एक किल्मिष साचू लागले. ज्या दिवसांत आईवाचून दुसरे काही आठवू नये, त्या दिवसांत मी तिच्या भाच्याच्या कृतघ्नपणाचा मनातल्या मनात खटला चालवीत होतो. वादी मीच, न्यायाधीशही मीच.

दहाव्याच्या दिवशी पहाटे तो दारात उभा राहिला. मडगावहून रात्रभर गाडीत बसून आला होता. हातात आमच्या आजोळच्या झाडाचे दोन नारळ होते. दुपारी सगळे निवल्यावर मी, न राहवून, त्याला विचारले. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्याच्या कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाला, “अरे, आत्या गेली, आणि मी तुला अंगठा दाखवू?”

मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय हे वाचकांना सांगावयास नको. कॅलिफोर्नियातील ज्या कोणी ती खूण निवडली त्यांना आपल्या भाषेची माहिती असण्याचे कारण नव्हते. मला मात्र होती, आणि तरीही दहा दिवस मी त्या खुणेची वाट पाहिली.

त्या दहा दिवसांतला राग माझाच होता, हे मी नाकारीत नाही. पण तो राग येण्यासाठी जी सामग्री लागते, म्हणजे मोजलेला आकडा, नावांची यादी, ‘पाहिले’ची खूण आणि पुन्हा पुन्हा उघडून बघण्याची मुभा, ती सारी माझ्या हाती कोणी तरी दिली होती आणि ती देण्यात त्याचा लाभ होता. पूर्वी समाचाराला कोण आले आणि कोण नाही हे लोक लक्षात ठेवीत नसत असे नाही. चांगले लक्षात ठेवीत, वर्षानुवर्षे अबोला धरीत. परंतु त्या हिशेबावर कोणाचा धंदा चालत नव्हता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाला पडलेला प्रश्न हाच आहे की, इच्छा नसता मनुष्याला कोण ढकलते. आणि त्याला मिळालेले उत्तर आत, मनातल्या वैऱ्याकडे, बोट दाखवते. ते उत्तर आजही खरे आहे. भर इतकीच पडली आहे की, त्या आतल्या वैऱ्याला बाहेर पगारी मुनीम मिळाला आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण माझा धंदा तो आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने संमती स्वतंत्र केव्हा म्हणावी हे चौदाव्या कलमात सांगितले आहे, आणि सोळाव्यात अनुचित प्रभावाची व्याख्या केली आहे: एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असावा आणि त्या स्थितीचा त्याने गैरवाजवी फायद्यासाठी उपयोग करावा. वाचताना वाटते की हे आपल्याच प्रकरणासाठी लिहिले आहे. पण कायद्याच्या डोळ्यांपुढे एक व्यवहार असतो, एक दिवस असतो, एक कागद असतो. येथे तसे काहीच नाही. ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर मी कधी काळी बोट ठेवले तेवढाच काय तो करार. पुढचे सारे क्षणाक्षणाने, इतक्या सूक्ष्म वाट्यांनी घडते की कोणत्या क्षणी माझी संमती हिरावली गेली हे मला शपथेवर सांगता येणार नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानांवरील आनंदाचा किंवा दुःखाचा मजकूर कमी करून त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते तपासले. २०१४ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा त्या लोकांच्या संमतीचा आधार म्हणून सभासद होताना मान्य केलेल्या अटींकडे बोट दाखविण्यात आले. परिणाम अत्यंत अल्प आढळला, हेही सांगितले पाहिजे. मला त्या परिणामापेक्षा त्या आधाराचे आश्चर्य अधिक वाटते.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूत्रे काढली. खोटी घाई लावणे, नको म्हणणाऱ्याला लाजविणे, सारखा तगादा लावणे असे तेरा प्रकार त्यांत आहेत. न संपणारे पान त्या तेरांत नाही. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. चांगले आहे. परंतु आईच्या दहाव्याला मी अठरा वर्षांचा नव्हतो.

आमच्या कायद्यात एक जुना नियम आहे आणि तो मला येथे आठवतो. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्तऐवज न्यायालयापुढे आला तर तो तिने समजून केला हे सिद्ध करण्याचा भार ज्याला त्यापासून लाभ झाला त्याच्यावर पडतो. प्रिव्ही कौन्सिलने हे सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. निरक्षरांनाही न्यायालये हेच संरक्षण देत आली आहेत. जगाचे व्यवहार ज्याला दिसत नाहीत, त्याला ज्याने गाठले त्यानेच उत्तर द्यावे, असा त्यामागील विचार आहे. माझे म्हणणे असे की, मोबाईलपुढे आपण सारेच पडदानशीन आहोत. पडदा आपल्या आणि यंत्राच्या मध्ये आहे. त्याच्यामागून आपण दिसतो, आपल्याला कोणी दिसत नाही. तेव्हा ‘वापरणाऱ्याने सावध राहावे’ हे उत्तर पुरेसे नाही. रचना करणाऱ्याने दाखवावे की, हा मनुष्य येथे थांबला तो थांबावयाचे होते म्हणून थांबला.

यावर माझा एक तरुण सहकारी म्हणतो की, हे तर सज्ञान माणसाला अज्ञान ठरविणे झाले. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी या खेळावर बंदीचा हुकूम काढला आणि तो मोडल्याबद्दल काही तरुणांना पकडले; त्यांत महाविद्यालयात शिकणारी मुले होती. दाणा टाकणारा मोकळा आणि कबूतर कोठडीत, असा तो न्याय. भार चुकीच्या खांद्यावर टाकला की संरक्षणाची शिक्षा कशी होते याचे दुसरे उदाहरण शोधावयास नको.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळा मार्ग काढला. ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजू लागला. त्यासरशी घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करावयाचे, मुलांनी अभ्यासाला बसावयाचे, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की मोकळे व्हावयाचे. यात पोलीस नाही, कलम नाही. न संपणाऱ्या पानाला गावाने आपल्या हाताने शेवट शिवला. मला या प्रयोगाचे फार कौतुक वाटते, पण तो वाघोडियाला कसा आणावा हे मला समजत नाही. वसाहतीत पाळ्यांनी काम करणारी माणसे, निरनिराळ्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी, भाड्याच्या खोल्या. येथे सात वाजता कोणाची सकाळ असते, कोणाची रात्र. ज्यांचे एक गाव नाही त्यांचा भोंगा कोणी वाजवावा? आणि एकट्या माणसालाच तर त्या अंगठ्याची भूक अधिक असते.

त्या वृद्ध बाई निघताना नातवाला म्हणाल्या, चल. त्याने मान वर केली नाही. त्यांनी शाई लागलेला अंगठा त्याच्या डोळ्यांपुढे धरला, मग पदराला पुसला, आणि तो हसून उठला. माझ्याकडे तसे म्हणणारे आता कोणी नाही.

आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास मोबाईलने आपण होऊन त्या चार ओळी माझ्यापुढे आणल्या. एक वर्षापूर्वीची आठवण, ती पुन्हा सर्वांना दाखवावयाची आहे काय, असे विचारले. मी नाही म्हटले. पण खालचा आकडा तेवढ्यात वाढला आहे की काय, ते मात्र आधी पाहून घेतले.