धुतल्यानंतरचे डाग

शनिवारी गाडी धुवावी आणि रविवारी सकाळी स्वच्छ गाडीतून सहकुटुंब मिस्साला जावे, हा आमच्या घरचा अनेक वर्षांचा परिपाठ. त्यात काही गैर आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. आजही वाटत नाही. मात्र जालन्याच्या पाण्याने आम्हांला एक प्रश्न घातला. तो वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या बोअरचे पाणी जड. काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपताना ते कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते. म्हणून साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि उन्हात धुतलेल्या गाडीवर पांढरे ठिपके उमटतात. पाणी उडून जाते, त्याने आणलेला क्षार मागे राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तेथे ६०० पर्यंत चालवून घेतात.

ठिपके दिसले की आम्ही पुन्हा नळी सोडीत असू. गाडी पुन्हा वाळे, ठिपके पुन्हा दिसत, आणि पहिल्याहून अधिक दिसत. ज्या पाण्याने डाग घालवू पाहत होतो, तेच डाग आणीत होते. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला फार काळ लागला.

२०१३ चा उन्हाळा आठवतो. आदल्या वर्षीच्या पावसाने दगा दिल्यामुळे जालना जिल्हा टँकरवर जगत होता. घाणेवाडी तलावाचा गाळ उपसण्यासाठी शहरातील नागरिक वर्गणी काढीत होते. आमच्या बोअरला मात्र थोडे पाणी टिकून होते. एका दुपारी आम्ही दुसऱ्यांदा गाडीवर पाणी मारीत असताना फाटकाशी एक मावशी रिकामी घागर घेऊन थांबल्या. त्यांनी काही मागितले नाही. वाहत्या पाण्याकडे पाहत त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, एवढ्यात आमचं दोन दिसाचं धुणं-भांडं निघालं असतं." आम्ही नळी बंद केली, त्यांची घागर भरून दिली. त्या गेल्या, पण ते वाक्य मागे राहिले.

मनाने लगेच वकिली सुरू केली. बोअर आमचा, जमीन आमची, विजेचे बिलही आमचे. कायद्याचा आधारही होता. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीखालचे पाणी उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केला आहे. परंतु खडकाच्या भेगांतले पाणी आमच्या कुंपणाची भिंत ओळखत नाही. आमचा पंप चालतो तेव्हा शेजारच्या विहिरीची पातळीही खाली जाऊ शकते. महाराष्ट्राला २००९ चा स्वतंत्र भूजल अधिनियम करावा लागला, तो याच जाणिवेतून. शिवाय कायद्याने मुभा दिली म्हणजे कर्तव्य संपले, असे सद्‌सद्विवेकबुद्धी मानत नाही.

मग गाडी धुऊच नये काय? तसेही नव्हे. कष्टाने घेतलेली वस्तू धूळमातीत गंजू देणे हा काही साधेपणा नव्हे, तो हलगर्जीपणा होय. प्रश्न धुण्याचा नसून मापाचा आहे. आणि नवल असे की, जे शेजाऱ्याच्या हिताचे, तेच गाडीच्याही हिताचे निघाले.

गाडी सकाळी लवकर वा सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. एका वेळी एकच भाग धुवावा आणि थेंब वाळण्यापूर्वीच मऊ, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावा. शेवटच्या हातासाठी पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम. त्यात क्षार जवळजवळ नसतात. ताजे ठिपके असतील तर पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, फडके भिजवून मिनिटभर ठेवावे, मग पुसून थोड्या पाण्याने धुवावे. कोरडे खरवडू नये. रंगावर ओरखडे पडतात. दिवसेंदिवस उन्हात तापलेले डाग मात्र रंगातच उतरतात. त्यांना पॉलिश लागते, आणि तरी खूण राहू शकते.

या सगळ्यास दोन बादल्या पुरतात. आमच्या नळीने वाया घालविले ते पाणी कुणाचे होते, हा प्रश्न मात्र कोणत्याही फडक्याने पुसला जात नाही; आणि तो पुसला जाऊ नये, असेच आम्हांस वाटते. उशिरा सुचलेल्या शहाणपणाचीही एक खूण राहिलेली बरी.

आता शनिवारी सकाळी पंप सुरू झाला की आधी फाटकाबाहेर ठेवलेले पिंप भरते. गाडीच्या दोन बादल्या त्यानंतर.