तळीरामावर किती ढकलशील?

दीड पानात ‘एकच प्याला’चा निकाल लावलास! तळीरामाने पाजली, दारूने घात केला, नशीब फिरलं, सुधाकर संपला. एवढंच लिहायचं होतं तर गडकरी कशाला हवेत? ओतूरच्या स्टँडवर उभा असलेला कुणीही सांगेल.

नाटक वाचलंस का? खरं सांग. का गाईडमधलं कथानक तेवढं चाळलंस? गडकरी 1919च्या जानेवारीत गेले, नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. माणसाने मागे लिहून ठेवलेलं नीट वाचायलाही तुला वेळ नाही?

सुधाकर पेल्यापर्यंत पोचतो कसा? कोर्टात मुन्सफाशी वाजतं, सनद जाते. कायमची नव्हे, काही काळापुरती. गप्प बसून दिवस काढले असते तर वकील पुन्हा कोर्टात उभा राहिला असता. पण अपमान गिळायचा कसा? हुशार ना तो! मानी ना! ज्या मानीपणावर ताठ उभा होता, त्यानेच त्याला आडवा केला. मधे दारू सोडतो, हे तुझ्या कागदावर कुठे आहे? सोडतो, काम मागत फिरतो, लोक टाकून बोलतात. तीच जखम पुन्हा उघडते, पुन्हा पेला. तेव्हा कुणी घशात ओतली होती? त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या वाट्याला जे आलं, तेही तळीरामाच्याच खात्यावर मांडणार का?

‘नटसम्राट’चंही तेच. ‘मुले कृतघ्न निघाली.’ झालं? सगळं वाटून टाका, असं आप्पा बेलवलकरांना कुणी सांगितलं होतं? रंगमंच सुटला, सम्राटपण सुटेना. घरातही टाळी हवी. 1970पासून लोक आप्पांसाठी रडतायत, रडावंच. मीही रडतो. पण डोळे पुसल्यावर विचारायचं असतं, हा माणूस स्वतः कुठे चुकला? शोकांतिकेच्या नायकाची ॲरिस्टॉटलची व्याख्या तुझ्या वहीत आहे. अक्षरही सुरेख. नायक धड देवमाणूस नाही, धड नीच नाही, आपल्याच चुकीने पडणारा. मग ती उत्तरात का उतरली नाही? वही घरी राहिली होती का?

तुला कळत नाही, हे मी मानणार नाही. पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या की कुठल्या गावाने कोणत्या फडाला सुपारी दिली, हे तुला तोंडपाठ. यात्रेत रात्र रात्र वग बघतोस. राजाने कान भरणाऱ्याचं ऐकलं की पुढे काय होणार, ते शेजारच्या म्हाताऱ्याआधी तुला समजतं. कागद समोर आला की अक्कल कुठे जाते?

आणि निबंध उशिरा का? लाईट रात्रीची होती, मोटार चालू करायला गेलो. मग पाहुणे आले. मग वाटेत बिबट्या. जुन्नर-आंबेगावात बिबट्या आहे, कबूल. पण तो नेमका तुझ्या निबंधालाच आडवा जातो होय? यात्रेला जाताना कसा दिसत नाही? लाईट, पाहुणे, बिबट्या! तुझ्याकडे तर तीन तळीराम आहेत.

सोमवारी नव्याने लिहून आण. कोर्टातल्या भांडणापासून सुरुवात कर. ‘नशीब’ दिसलं तर कागद तिथेच परत. आणि पाच गुण मागायला येऊ नकोस, पंधराचं लिहिता येतं तुला.