मस्टरवरची सही

२५ डिसेंबर १९५४ रोजी पूज्य बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेथे आपण वंदनेला जातो. वंदना रविवारी होते. कसोटी मात्र सोमवारी, कामाच्या जागी लागते.

समजा, पिंपरीच्या एखाद्या कारखान्यात सोबती म्हणाला, "मूल आजारी आहे, उशीर होईल. मस्टरवर माझीही सही ठोक." करुणा म्हणते, कर. शील म्हणते, थांब. मग शील करुणेच्या आड येते काय?

मुळीच नाही. खोटी सही म्हणजे असत्य, आणि न केलेल्या कामाचा पगार म्हणजे चोरीच. १९५६ साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत आपण दोन्ही त्यागिली आहेत. पण नुसता नकार देऊन मोकळे होणे हाही धम्म नव्हे. सोबत्याचा रजेचा अर्ज लिहून द्यावा, साहेबापुढे त्याच्यासाठी शब्द टाकावा, खाडा पडलाच तर अर्धी मजुरी आपण सोसावी. खोट्या सहीला काही खर्च येत नाही. मैत्रीला पदरमोड करावी लागते.

बढती मिळेल वा न मिळेल. संध्याकाळी लेकराने विचारले, "बाबा, आज काय केलं?" तर खाली न पाहता सांगता यावे. माणसाची खरी वाढ तीच.