कुठल्या स्वयंपाकघरातला धूर?

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. न्यायशास्त्रातलं अनुमान शिकणारा प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो. वाईला आमच्या वडिलांनी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आम्हा भावंडांकडून घोकून घेतला, तेव्हा तो पोटापाण्याच्या कामी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आता मिरजेत रेडिओलॉजिस्ट म्हणून मी रोज तेच करते. धूर बघते आणि अग्नी लिहिते.

यकृतातल्या पित्तनलिकेचा कॅन्सर असला की सर्जन विचारतोच, रक्तवाहिन्यांत शिरलाय का? पोर्टल व्हेनसारख्या मोठ्या शिरेत शिरला असेल तर एमआरआयवर दिसतो, तिथे वाद नाही. अडचण सूक्ष्म वाहिन्यांची. आमची एकेक चकती काही मिलिमीटर जाडीची. तिच्यात बारीक वाहिनीत अडकलेला पेशींचा पुंजका दिसायचा कुठून? तो पॅथॉलॉजिस्टला दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली, गाठ कापून बाहेर काढल्यावर. कळायला हवं मात्र आधी. कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत असा शिरकाव सापडला की एकटी गाठसुद्धा टी-१ मधून टी-२ मध्ये जाते, आणि आजार उलटण्याची भीती वाढते.

म्हणून आम्ही खुणा शोधतो. गाठ केवढी, कॉन्ट्रास्ट धमनीतून येताना तिच्या भोवतीचं यकृत उजळतं का, डिफ्युजनमध्ये काय दिसतं. गॅडॉक्सेटिक ॲसिड हे कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण २० मिनिटांनी निरोगी यकृत पांढरं होतं. तेव्हा गाठीच्या काठाबाहेर काळपट पट्टा उरतो का, तेही बघतो. अलीकडे हे सगळं संगणकाला भरवतात आणि तो टक्के सांगतो.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते. गाठ ६ सेंटिमीटरची. रिपोर्टातल्या ‘सूक्ष्म शिरकावाची शक्यता’ या ओळीवर बोट ठेवून त्यांच्या मुलीने विचारलं, “मॅडम, हे फोटोत दिसतंय?”

“नाही.”

“मग लिहिलंय कशावरनं?”

मी तोंड उघडायच्या आत तिचे वडीलच म्हणाले, “अगं, ढग बघून आपण औषध मारतोच की.”

“आणि पाऊस नाही आला तर, आप्पा? औषध वाया जातं, एवढंच. इथं पोट फाडायचंय.”

पोरगी नकळत चार्वाकाच्या बाजूने उभी होती. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलाच मान त्याचा. त्याचं म्हणणं असं, की धूर तिथे अग्नी हा नेम तुम्ही सगळीकडे, सगळ्या काळी जाऊन बघितलाय का? नाही ना? मग अनुमानाच्या गोष्टी बोलू नका. नैयायिक उदयनाचार्यांनी याला दिलेलं उत्तर मला पटतं. शंका तिथवरच ताणावी, जिथवर ती आपल्याच वागण्याच्या आड येत नाही. अनुमानावर भरवसाच नसेल, तर ताटातला घासही उचलता येणार नाही.

पण नैयायिक भाबडे नव्हते. अग्नी तिथे धूर, असं उलटं म्हणता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. माझ्याकडेही असे गोळे येतात. खूण एकही नाही, आणि पॅथॉलॉजीत शिरकाव. उलट बाजूने, पित्त तुंबून नलिकांना सूज आली की आजूबाजूचं यकृत उगाच उजळतं. म्हणजे बाष्पालाच धूर समजण्याची सोय.

हे दोन्ही घोटाळे आमच्यात सगळ्यांना माहीत असतात. मला खटकतं ते वेगळं आहे. दुसऱ्याला पटवण्यासाठी अनुमान मांडायचं तर प्रतिज्ञा (पर्वतावर अग्नी आहे) आणि हेतू (कारण धूर दिसतो) यांनंतर उदाहरण द्यावं लागतं: जसं स्वयंपाकघरात. तिथे धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेले असतात. आमच्या रिपोर्टात प्रतिज्ञा असते, हेतू कधीमधी, उदाहरण कधीच नसतं. आणि हे आमचं स्वयंपाकघर कुठलं? ज्यांची गाठ काढली गेली त्यांचंच, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तेवढ्याच गाठी पोचतात. ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही ते त्यात नाहीत. त्यातून बरेचसे अभ्यास पूर्व आशियातल्या मोठ्या हॉस्पिटलांतले. आणि आजाराची कारणंही जागोजागी वेगळी: ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून पोटात जाणाऱ्या कृमीमुळे हाच कॅन्सर होतो. या सगळ्या ठिकाणचा धूर आणि तासगावचा धूर एकच, हे गृहीत का धरायचं?

यापुढचा पेच जास्त अवघड. न्यायमतात ज्ञान खरं की खोटं हे त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या फळावरून ठरतं. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, म्हणजे पाणीच होतं. इथे मी ‘शिरकावाची दाट शक्यता’ लिहिलं आणि त्यामुळे डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये ऑपरेशन नको असं ठरलं, तर माझं अनुमान तपासायची वाटच बंद. ते खोटं ठरूच शकत नाही. असं ज्ञान मला भीतीदायक वाटतं. मशीन चुकण्यापेक्षाही जास्त.

म्हणून आप्पांच्या मुलीला मी रिपोर्ट वाक्यावाक्याने वाचून दाखवला. हे दिसलं, हे ताडलं, आणि ताडलं ते अशा अशा पेशंटांवरून, ज्यांत तुमच्यासारखे कितपत होते ते मी सांगू शकत नाही. तिने दिसलेलं आणि ताडलेलं असे दोन रकाने करून वहीत उतरवून घेतलं. आमच्या तरुण सर्जनला मात्र नुसता आकडा हवा असतो. माझे रिपोर्ट लांबतात अशी त्याची तक्रार आहे. लांबू देत. विभागाच्या नोंदवहीत, जिथे ऑपरेशन झालं नाही तिथे ‘अनुमान बरोबर’ या रकान्यात मी आता ‘तपासलं गेलं नाही’ असं लिहिते. वर्षाच्या शेवटी हिशोब करताना कुणी ते यशात धरू नये.