कोणाच्या वतीने? नागरी संस्थेच्या कल्पनेची वाटचाल

2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदत्वाला एक अट घातलेली होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान 50 प्रौढ व्यक्तींनी सह्या केलेले मुखत्यारपत्र आणले पाहिजे, अशी ती अट होती. सुरुवातीच्या 95 सभासदांमागे सुमारे 6 हजार लोकांची मुखत्यारपत्रे होती. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून या सभेचा उगम झाला. पुढे गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीने आणि 1871 मध्ये पुण्यात आलेल्या न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाने तिने सारावाढ, दुष्काळ, व्यापार अशा अनेक प्रश्नांवर माहिती गोळा करून सरकारला अर्ज पाठवले.

शहराच्या आणि वस्तीच्या भल्यासाठी नागरिकांनी स्वतःहून उभी केलेली, नफा न कमावणारी आणि सत्तेत नसलेली संघटना म्हणजे नागरी संस्था. तिला कर लावता येत नाही आणि आदेशही काढता येत नाही. तिच्या शब्दाला वजन येते ते ती ज्यांच्या वतीने बोलते त्यांच्यामुळे. सार्वजनिक सभेने हे पहिल्याच दिवशी ओळखले होते. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील शहरांमध्ये नागरी संस्थेची कल्पना बदलत गेली, ती मुख्यतः ‘कोणाच्या वतीने?’ या प्रश्नाची उत्तरे बदलत गेल्यामुळे.

मुंबईत याच सुमारास मिळालेले उत्तर करदात्यांचे होते. 1865 च्या कायद्याने शहराचा कारभार एका बलवान आयुक्ताच्या हाती आला. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारण्याचा धडाका लावला, पण खर्च हाताबाहेर गेला आणि करांचा बोजा वाढला. त्याविरुद्ध 1871 मध्ये करदात्यांनी आवाज उठवला. फिरोजशहा मेहता यांनी या वादात निवडून आलेल्या मंडळाचा आग्रह धरला. 1872 च्या कायद्याने 64 सभासदांचे मंडळ आले आणि त्यातील निम्मे, म्हणजे 32 सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. खर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क नागरिकाला आहे, हे तत्त्व या लढ्यातून रुजले. मात्र तो नागरिक ठराविक कर भरणारा होता. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार, झाडूवाला, पाणक्या यांना या हिशेबात स्थान नव्हते.

ही उणीव महात्मा फुले यांनी फार लवकर दाखवून दिली. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाणी हा पुण्यात तेव्हा केवळ नळाचा आणि विहिरीचा प्रश्न नव्हता, जातीचाही होता. पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. शहराची तिजोरी प्रतिष्ठितांच्या मानपानासाठी नसून गोरगरिबांच्या गरजांसाठी आहे, हा विचार त्या विरोधामागे होता. शहराच्या वतीने बोलणाऱ्यांनी शहरातील शेवटच्या माणसापासून सुरुवात करावी, ही कसोटी तेव्हापासून मराठी सार्वजनिक जीवनात आहे.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीतील घाण, अंधार आणि कोंदटपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. सरकारने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले आणि नव्या वसाहती आखल्या. पण जुन्या चाळी पाडल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या अनेकांना परवडणारे दुसरे घर मिळाले नाही. सुधारणा वरून आली की तिची किंमत खालच्याला मोजावी लागते, हा अनुभव या शहराने पुढेही अनेकदा घेतला.

1911 मध्ये सुरू झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने वेगळी दिशा धरली. ना. म. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या चालवल्या. इथे कार्यकर्ता अर्ज लिहून थांबला नाही, तो चाळीत गेला. सेवा करता करता त्याला दिसले की कर्ज, कमी मजुरी आणि आजारपण यांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. जोशी पुढे कामगार संघटनेकडे वळले आणि 1920 मध्ये ‘आयटक’ या कामगार महासंघाच्या स्थापनेत अग्रभागी राहिले. ज्यांची सेवा करायची, त्यांनीच संघटित व्हावे, हा या टप्प्याचा धडा होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1948 मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली आणि करदाता व नागरिक यांच्यातील जुना भेद कायद्यापुरता मिटला. शहर घडवण्याचे काम आता शासनाचे आणि नियोजनकारांचे मानले जाऊ लागले. पण नकाशात ज्यांना जागा नव्हती, अशा लोकांची संख्या वाढतच गेली. 1981 मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले, तरी रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवण्याची मुभा कायम ठेवली.

त्याच काळात भायखळ्यात 1984 मध्ये सुरू झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथांवरील सुमारे 6 हजार कुटुंबांची पाहणी केली. सरकारी नोंदीत नसलेली ही माणसे कुठून आली, काय काम करतात, किती कमावतात, हे त्यातून पुढे आले. पाहणीत वस्तीतल्या बायकांचा सहभाग होता आणि त्यांच्यातूनच ‘महिला मिलन’ उभे राहिले. जॉकिन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनच्या साथीने बचत गट, वस्तीची मोजणी आणि घरांचे आराखडे ही कामे लोकांनी स्वतः शिकून घेतली. पुढे रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनात ही तयारी कामी आली, कारण कोणाची झोपडी कुठे आहे याची विश्वासार्ह यादी वस्तीकडेच होती. ज्याची गणना होते त्याच्याशीच बोलणी होतात, हे या कामातून सिद्ध झाले. वस्तीचा विकास म्हणजे केवळ भिंती आणि गटारे नव्हेत, याची आठवण 1992-93 च्या दंगलींनी करून दिली. त्यानंतर मुंबईत उभ्या राहिलेल्या मोहल्ला कमिट्यांनी पोलीस आणि रहिवासी यांना एकत्र बसवून शेजाऱ्यांमधला तुटलेला विश्वास सांधण्याचे काम हाती घेतले.

1 जून 1993 पासून शहरांच्या स्थानिक कारभाराविषयीची 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या आणि महाराष्ट्रात त्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना नेमण्याची सोय झाली. नागरी संस्थेला प्रथमच कारभाराच्या आत पाय ठेवायला जागा मिळाली. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी महापालिकेबरोबर ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा प्रयोग केला. त्यातून मुंबई महापालिकेची ‘एएलएम’ योजना आकाराला आली आणि अनेक गल्ल्यांत रहिवाशांचे गट कचरा, पदपथ आणि झाडे यांची देखभाल करू लागले. झोपडवस्त्यांसाठी ‘दत्तक वस्ती योजना’ आली. एएलएम मध्यमवर्गीय गल्ल्यांत जास्त फुलले, तर वस्त्यांत त्याच कामाला तुटपुंज्या मोबदल्याच्या मजुरीचे रूप आले. सहभागाची दारे सर्वांना उघडी असली तरी आत जाण्यासाठी लागणारा वेळ, ओळख आणि भाषा सर्वांकडे सारखी नसते, हे यातून स्पष्ट झाले.

याच दशकाच्या शेवटी माहिती हे नागरी संस्थेचे मुख्य साधन बनले. ‘प्रजा फाउंडेशन’च्या सहकार्याने मुंबई महापालिकेने 1999 मध्ये नागरिकांची सनद काढली. कोणते काम किती दिवसांत व्हावे, हे त्यात लिहिलेले होते. पुढे नागरिकांच्या तक्रारी आणि नगरसेवकांचे सभागृहातील काम यांचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. 2002 चा राज्याचा आणि 2005 चा केंद्राचा माहिती अधिकार कायदा आल्यावर रस्त्याच्या कंत्राटापासून उद्यानाच्या आरक्षणापर्यंतची फाइल सामान्य माणसाला मागता येऊ लागली. पुण्यात 2006 पासून प्रभागातील छोटी कामे नागरिकांनी सुचवावीत आणि त्यांतील निवडक कामांचा महापालिकेच्या अंदाजपत्रकात समावेश व्हावा, अशी पद्धत सुरू झाली. तक्रार करणारा नागरिक आता खर्चाचा क्रम सुचवू लागला होता.

या वाटचालीतील सर्वांत पुढचा टप्पा पुण्याच्या कचरावेचकांनी गाठला. 1993 मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. उकिरड्यावर फिरणाऱ्या या बायकांकडे संशयाने पाहिले जाई. भंगार वेगळे करून त्या शहराचा कचरा कमी करतात आणि महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवतात, हे पंचायतीने अभ्यासाने मांडले. महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे आणि आरोग्य विमा हे पुढचे टप्पे होते. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था पुणे महापालिकेबरोबर करार करून कामाला लागली. सभासद दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेतात, त्याचे शुल्क घराघरांतून थेट मिळवतात आणि सुका कचरा विकून आलेला पैसा त्यांचाच असतो. कराराचे नूतनीकरण आणि खासगी कंत्राटदारांच्या गाड्यांशी स्पर्धा यांमुळे त्यांना आपले स्थान वारंवार राखावे लागले आहे. तरीही इथे मूळ प्रश्नाचे नवे उत्तर मिळाले आहे. जे शहराची सेवा करतात, तेच संस्थेचे मालक आहेत आणि तेच महापालिकेच्या टेबलासमोर बसतात. त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणाला बोलण्याची गरज उरत नाही.

या सर्व अनुभवांतून नागरी संस्थेच्या कामाची व्याप्ती आणि मर्यादा दोन्ही ठरवता येतात. ती नवा प्रयोग छोट्या जागेत करून दाखवू शकते, जे मोजले गेले नाही ते मोजू शकते आणि न ऐकल्या गेलेल्यांना संघटित करू शकते. पाणी, सांडपाणी, रस्ते आणि रुग्णालये संपूर्ण शहरासाठी चालवण्याची ताकद मात्र महापालिकेकडेच असते. संस्था त्या जबाबदारीची बदली बनली, तर देणगी जिथे मिळते तिथेच सोय होते. संस्थेचा हिशेब आणि सभासदत्वही खुले असावे लागते, कारण देणगीदाराला उत्तर देणे आणि वस्तीला उत्तर देणे या वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत.

मार्च 2022 पासून मुंबई आणि पुण्यासह राज्यातील अनेक महापालिकांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांकडे राहिला. प्रभागात नगरसेवक नव्हते. रहिवासी संघ आणि संस्था पाठपुरावा करत राहिल्या, पण अंदाजपत्रकावर मत देणारे सभागृह त्या निर्माण करू शकल्या नाहीत. नागरी संस्था आणि निवडलेली महापालिका एकमेकींना पूरक आहेत, हे त्या काळाने ठळक केले. प्रभाग समित्या नियमित भरणे, मतदान केंद्राच्या पातळीवरील रहिवाशांच्या सभांना प्रत्यक्ष अधिकार देणे आणि त्या सभांत भाडेकरू, फेरीवाले, घरकामगार व कचरावेचक यांची उपस्थिती निश्चित करणे, ही आजची निकड आहे. ती मागणी लावून धरणे आणि त्या सभांत बसण्याची लोकांची तयारी करून घेणे, हे पुढच्या काळातील नागरी संस्थेचे सर्वांत मोठे काम आहे.