प्रत कोणाला द्यायची?

१९७९ साली जपानमधली शाळकरी मुलं एकट्यानं घरी जायला घाबरू लागली. तोंडावर मास्क लावलेली एक बाई रस्त्यात गाठते, ‘मी सुंदर आहे का?’ असं विचारते आणि मास्क काढते. तिचं तोंड कानापर्यंत फाटलेलं असतं. ही कुचिसाके-ओन्ना. पण भीतीबरोबर मुलांनी उताराही एकमेकांना सांगितला होता. ‘ठीकठाक आहेस’ म्हणावं, ‘पोमेड’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारावा, नाहीतर साखरेच्या पाकाची गोळी फेकून पळावं. त्यात दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नव्हतं. (कोजी शिराइशी यांच्या २००७ च्या चित्रपटात या बाईमागे मुलांना मारणारी आई उभी केली आहे. तो विषय निराळा.)

हिदेओ नाकाता यांच्या १९९८ च्या ‘रिंगु’त मात्र उतारा असा निरुपद्रवी राहत नाही. एक व्हिडिओ कॅसेट पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांत माणूस मरतो, अशी आवई शाळकरी मुलींत पसरलेली असते. तिचा माग काढणारी पत्रकार रेइको कॅसेट पाहते, तिचा घटस्फोटित नवरा र्युजी पाहतो, आणि एका रात्री छोटा योइचीही पाहतो. दोघं मिळून विहिरीच्या तळाशी सादाकोचा सांगाडा शोधतात. जुनी भूतकथा इथं संपली असती. १८२५ च्या ‘योत्सुया काइदान’ नाटकातली ओइवा छळते ती तिचा घात करणाऱ्या नवऱ्याला. तिथं अपराध आणि शासन यांचा हिशेब लागतो. सादाकोला असा हिशेब ठाऊक नाही. मदत केलेला र्युजी मरतो. रेइको वाचते, कारण मधल्या काळात तिनं कॅसेटची प्रत काढून त्याला दाखवली होती.

शेवटी रेइको गाडी चालवत वडिलांना फोन करते. एक काम आहे, योइचीसाठी, एवढंच म्हणते. आई आहे, दुसरं काय करणार, असं म्हणून प्रेक्षक तिला सहसा माफ करतो. मला ते इतकं सोपं वाटत नाही. ती वडिलांना सगळं सांगणार आहे का? सांगितलं आणि त्यांनी आपणहून कॅसेट लावली, तर ते देणं झालं. ‘बाबा, जरा हे बघा’ म्हणून पुढ्यात बसवलं, तर ती चोरी. पण नातवासाठी लेक विचारते आहे म्हटल्यावर कोणत्या आजोबांना नाही म्हणता येईल? त्या होकाराला कितपत होकार म्हणायचं?

आणि पुढं आजोबांकडंही सातच दिवस असतील. ते कुणाचं नाव काढतील? ज्याच्यावर जीव कमी आहे त्याचं. तोही तसंच करील. पाणी उताराकडं जावं तसा हा शाप जिव्हाळ्याच्या उतारावरून घरंगळत जातो, आणि ज्याला कुणीच नाही त्याच्या दारात जाऊन थांबतो. १९७० च्या सुमारास जपानात ‘दुर्दैवाची पत्रं’ फिरत होती: इतक्या प्रती इतक्या दिवसांत पाठवा, नाहीतर संकट येईल. आपल्याकडची देवाच्या नावाची पोस्टकार्डं याच जातीची. लिहिणारा बहुधा भित्राच असायचा, दुष्ट नव्हे. पण यादीत तो स्वतःच्या आईचा पत्ता घालत नसे.

रेइकोचा धंदाही विसरता येत नाही. सादाकोची आई शिझुको हिच्या मागं खरी व्यक्ती आहे, मिफुने चिझुको. बंद पाकिटातला मजकूर वाचण्याचा दावा करणाऱ्या या तरुणीची १९१० मध्ये तोक्योत परीक्षा झाली, हातचलाखीचा आरोप झाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली. १९११ च्या जानेवारीत तिनं विष घेतलं. चित्रपटात शिझुकोला भर सभेत ‘भोंदू’ ठरवतात ते पत्रकारच, आणि त्यांच्यातला एक लहानग्या सादाकोच्या नजरेनं जागीच कोसळतो. त्या मरणाला निदान कारण तरी होतं. रेइकोचे वडील त्या सभेत नव्हते.