गैरहजेरी नावाचा गुन्हा

उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात खेळाडू दोषी ठरतो तो त्याच्या लघवीत किंवा रक्तात बंदी घातलेले द्रव्य सापडल्यामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बहुतेक प्रकरणांपुरती ती खरीही आहे. परंतु गेल्या दोन दशकांत जागतिक क्रीडाव्यवहारात असा एक नियम रुजला आहे, की ज्याखाली नमुना घेतला जात नाही, प्रयोगशाळेकडे काही पाठवले जात नाही, कोणते द्रव्य घेतले असा प्रश्नही कोणी विचारत नाही, आणि तरीही जगज्जेत्याची दोन वर्षे हातची जातात. नियम विचारतो तो प्रश्न एवढाच, की ठरलेल्या तासाला खेळाडू ठरलेल्या जागी होता की नव्हता. गैरहजेरीलाच गुन्हा मानणारी ही तरतूद अनेकांना जुलमी वाटते, तर अनेकांना ती लबाडांना पकडण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग वाटते. दोन्ही बाजूंच्या नजरेतून एक गोष्ट मात्र सहसा निसटते: खेळाडूच्या अनुपस्थितीवर उभा असलेला हा नियम प्रत्यक्षात तपासनीसाच्या उपस्थितीवर तोललेला आहे, आणि ती उपस्थिती ढिसाळ असेल तर सगळा डोलारा खचतो.

या नियमाची गरज औषधांच्या स्वभावातून निर्माण झाली. स्नायू वाढवणारी स्टेरॉइडे किंवा रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ‘ईपीओ’ हे संप्रेरक स्पर्धेच्या दिवशी घेण्यात फारसा अर्थ नसतो. ती सरावाच्या महिन्यांत घेतली जातात, द्रव्य शरीरातून निघून जाते आणि त्याने कमावून दिलेली ताकद किंवा दमसास मात्र मागे उरतो. ईपीओची अगदी अल्प मात्रा रात्री शिरेतून घेतली, तर तिचा माग काही तासांतच पुसट होतो. म्हणजे पदक जिंकल्यानंतर घेतलेली चाचणी ही बव्हंशी चोर निघून गेल्यावर घराला घातलेले कुलूप ठरते. म्हणूनच स्पर्धेबाहेर, पूर्वसूचना न देता चाचणी घेणे हा उत्तेजकविरोधी व्यवस्थेचा कणा झाला. आणि खेळाडू कुठे आहे हेच ठाऊक नसेल तर अशी चाचणी घ्यायची कशी, या साध्या अडचणीतून ठावठिकाण्याचा नियम जन्माला आला.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, सर्व खेळांसाठी एक समान संहिता तयार केली आणि २००४ पासून ती लागू झाली. तिच्या आजच्या रूपानुसार अव्वल खेळाडूंचा एक ‘नोंदणीकृत चाचणी गट’ असतो. या गटातील प्रत्येकाला दर तिमाहीच्या आधी रोजचा रात्रीचा मुक्काम, सरावाची ठिकाणे आणि स्पर्धा यांची माहिती संगणकीय प्रणालीत भरावी लागते. शिवाय पहाटे ५ ते रात्री ११ या दरम्यानचा एक तास आणि त्या तासापुरती एक जागा रोज जाहीर करावी लागते. बेत बदलला तर नोंदही बदलावी लागते. त्या तासात तपासनीस आला आणि खेळाडू भेटला नाही तर ‘चाचणी हुकली’ असे धरले जाते; माहितीच भरली नाही किंवा चुकीची भरली तर ‘नोंदीतील कसूर’ मानली जाते. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या की तो स्वतंत्र नियमभंग ठरतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत बंदी होते, जी दोषाचे प्रमाण पाहून एक वर्षापर्यंत खाली आणता येते. पूर्वी या तीन चुका अठरा महिन्यांत मोजल्या जात. २०१५ पासून मुदत बारा महिन्यांची झाली, म्हणजे नुसत्या विसराळू माणसाला थोडी सवड मिळाली.

तीन चुकांची ही मुभा लबाडांना पुरेपूर कळली होती. अमेरिकेतील ‘बाल्को’ प्रयोगशाळेचा चालक व्हिक्टर कॉन्टे याने २००८ मध्ये ब्रिटिश धावपटू ड्वेन चेंबर्सला लिहिलेल्या आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या पत्रात ही युक्ती उलगडून सांगितली आहे. खेळाडू स्वतःच्याच मोबाइलवर पुन्हा पुन्हा फोन करून संदेशपेटी भरून टाकत, जेणेकरून तपासनीसाला निरोप ठेवता येऊ नये. कागदावर एक पत्ता देत आणि सरावाला दुसरीकडे जात. एखादी चाचणी हुकलीच तर दोन संधी हाताशी असतच. त्या पत्रातील निर्ढावलेपण बाजूला ठेवले, तरी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते, ती अशी की हुकलेली चाचणी ही काहींच्या बाबतीत अपघात नसून आखलेल्या वेळापत्रकाचा भाग होती.

पण काहींच्या बाबतीत, एवढेच. सर्वांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, आणि नियमाची खरी कसोटी इथेच लागते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ग्रीसचे धावपटू कोस्तास केंतेरिस आणि कातेरिना थानू चाचणीसाठी क्रीडाग्रामात सापडले नाहीत, त्याच रात्री मोटारसायकलच्या अपघातात जखमी झाल्याचे सांगून ते रुग्णालयात दाखल झाले, आणि अखेर त्यांनी स्वतःच्याच देशातील स्पर्धेतून माघार घेतली. अपघाताचा बनाव केल्याबद्दल २०११ मध्ये ग्रीक न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि त्याच वर्षी अपिलात ते निर्दोष सुटले. चाचण्या हुकवल्याची बंदी त्यांनी भोगली; द्रव्य मात्र कधीच सापडले नाही. याच्या अगदी उलट, सिडनीत २००० साली थानूला मागे टाकून १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारी मॅरियन जोन्स कोणत्याही चाचणीत अखेरपर्यंत दोषी ठरली नव्हती. २००७ मध्ये तिनेच कबुली दिली तेव्हा पदके परत गेली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ते सुवर्णपदक थानूला द्यायचे नाकारले आणि त्या शर्यतीचे पहिले स्थान नोंदीत आजही रिकामे आहे. निर्दोष चाचण्यांची रास आणि हुकलेल्या चाचण्यांची मालिका या दोहोंपैकी एकीवरूनही माणसाच्या शरीरात काय होते हे सांगता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. ब्रिटनच्या क्रिस्टीन ओहुरुओगूने तीन चाचण्या हुकवून एक वर्षाची बंदी भोगली, परत आल्यावर काही आठवड्यांतच २००७ मध्ये ओसाका येथे ४०० मीटरचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी बीजिंगला ऑलिंपिक सुवर्णही जिंकले. संशय घेणाऱ्याला यात हवे ते वाचता येते आणि श्रद्धाळूलाही.

नियम कसा चालतो हे जवळून पाहायचे तर क्रिस्टियन कोलमन या अमेरिकी धावपटूचे प्रकरण बारकाईने पाहावे. ६ जून २०१८, १६ जानेवारी २०१९ आणि २६ एप्रिल २०१९ अशा त्याच्या तीन चुका वर्षभरात बसतात असे वाटून कारवाई सुरू झाली. परंतु नोंदीतील कसुरीची तारीख त्या तिमाहीच्या पहिल्या दिवसापासून धरायची असते, म्हणून पहिली चूक १ एप्रिल २०१८ वर सरकली, बारा महिन्यांच्या बाहेर गेली आणि प्रकरण मागे घेतले गेले. काही आठवड्यांनी दोहा येथे ९.७६ सेकंदांत तो १०० मीटरचा जगज्जेता झाला. मग ९ डिसेंबर २०१९ ला तपासनीस त्याच्या दारात उभे असताना तो पुन्हा भेटला नाही. संध्याकाळी ७.१५ ते ८.१५ हा त्याने स्वतःच नेमून दिलेला तास होता. आपण नाताळच्या खरेदीसाठी जवळच गेलो होतो आणि तास संपण्यापूर्वी घरी परतलो होतो, असे त्याचे म्हणणे, परंतु ७.५३ ला त्याने खाद्यपदार्थ घेतल्याची आणि ८.२२ ला वॉलमार्टमध्ये सोळा वस्तूंचे पैसे चुकते केल्याची पावती निघाली, आणि या दोन वेळांच्या मध्ये घरी जाऊन, जेवून, पुन्हा बाहेर पडून एवढी खरेदी करणे अशक्य आहे, असे न्यायाधिकरणाने म्हटले. ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचे भवितव्य दुकानाच्या पावतीवर छापलेल्या मिनिटांनी ठरावे, यात काहीसे हास्यास्पद आहे खरे. पण उत्तेजकांशी दुरूनही संबंध नसलेल्या त्या पावतीने त्याचे खोटे जितक्या स्वच्छपणे पकडले, तितके प्रयोगशाळेलाही क्वचितच साधते.

तरीही क्रीडा लवाद न्यायालयाने २०२१ मध्ये त्याची दोन वर्षांची बंदी अठरा महिन्यांवर आणली, आणि त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. तपासनीसांनी त्याला फोन केला नव्हता. फोन करणे नियमाने बंधनकारक नाही, किंबहुना फोन म्हणजे लबाडाला दिलेला इशारा ठरू शकतो. परंतु इतर ठिकाणी शेवटच्या काही मिनिटांत फोन करण्याची पद्धत होती, कोलमन जवळच होता आणि फोन आला असता तर तो वेळेत पोहोचू शकला असता, हे लवादाने जमेस धरले. बंदी कमी होऊनही टोकियो ऑलिंपिक त्याच्या हातून गेलेच.

बहारीनच्या सल्वा ईद नासेरच्या प्रकरणात तपासनीसाची बाजू याहून लंगडी होती. २०१९ मध्ये दोहा येथेच ४८.१४ सेकंदांत ४०० मीटर जिंकणाऱ्या या धावपटूच्या घरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेला तपासनीस इमारतीतील क्रमांकांच्या घोळामुळे भलत्याच दारावर थापा मारत राहिला. त्या दाराआड गॅसच्या टाक्या ठेवण्याची खोली होती. पहिल्या न्यायाधिकरणाने ती चूक तिच्या माथी मारायला नकार दिला, पण ती काठावर वाचली आहे, अशा अर्थाची समजही दिली. पुढे लवादाने हा निर्णय फिरवून तिच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. न्यायाधिकरण आणि लवाद या दोघांच्या दृष्टीत इतके अंतर पडू शकते, यातच या नियमाची नाजूक जागा दिसते. खेळाडूकडून मिनिटाचा हिशेब मागायचा असेल, तर तपासनीसाने कोणते दार ठोठावले, किती वेळ ठोठावले, घंटा वाजवली की नाही, शेजारी विचारले की नाही, याचाही तितकाच काटेकोर हिशेब असला पाहिजे. निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे खेळाडूवर टाकणाऱ्या व्यवस्थेला निष्काळजीपणाची चैन परवडत नाही.

खासगीपणाचा आक्षेप याच्या तुलनेत लवकर आटोपता येतो. फ्रेंच खेळाडूंनी तो युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. सार्वजनिक आरोग्य आणि स्पर्धेतील न्याय यांसाठी एवढा हस्तक्षेप समर्थनीय आहे, असे त्याने मानले. भारतात हाच आक्षेप क्रिकेट नियामक मंडळाने २००९ पासून दशकभर सुरक्षिततेच्या नावाने लावून धरला. इतर खेळांतील मल्ल, धावपटू, वेटलिफ्टर निमूटपणे माहिती भरत असताना सर्वांत श्रीमंत खेळाने घेतलेली ही सूट तत्त्वापेक्षा ऐपतीची होती, असेच म्हणावे लागते. २०१९ मध्ये विरारचा पृथ्वी शॉ खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटालिनमुळे मंडळाच्याच चाचणीत सापडला, त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली, आणि त्याच ऑगस्टमध्ये मंडळ राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, छत्राखाली आले. पुढच्याच वर्षी चेतेश्वर पुजारा, सांगलीची स्मृती मंधाना यांच्यासह पाच क्रिकेटपटूंची माहिती भरली न गेल्याबद्दल नोटिसा निघाल्या, तेव्हा प्रणालीच्या पासवर्डची अडचण आल्याचे मंडळाने कळवले. खेळाडूंच्या वतीने माहिती भरण्याचे काम मंडळाकडे होते. वेस्ट इंडीजच्या आंद्रे रसेलला मात्र २०१५ मधील अशाच न भरलेल्या माहितीबद्दल जमैकाच्या न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये एक वर्ष घरी बसवले होते. ज्याच्यामागे मंडळाचे कार्यालय उभे आहे त्याला ही नोंद म्हणजे कोणीतरी उरकायचे काम असते. गावातले घर, पतियाळाचे शिबिर आणि रेल्वे किंवा लष्करातील नोकरी यांच्यात फिरणाऱ्या खेळाडूला तिमाहीभराचे पत्ते आगाऊ लिहून देणे हा खरोखरीचा भार असतो.

भारतापुढची अडचण अर्थात केवळ नोंदींची नाही. २०२३ मध्ये येथे तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, आणि हे प्रमाण मोठ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांत सर्वाधिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत ‘नाडा’चे पथक आल्याचे कळताच स्पर्धकांची पळापळ झाली, पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला, आणि दुसऱ्या एका शर्यतीतील मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही धावतच राहिल्याने अधिकाऱ्याला तिच्यामागे पळावे लागले. हे हुकणे नव्हे, टाळणे आहे, आणि संहितेत त्याचे कलमही वेगळे, शिक्षाही वेगळी: जाणूनबुजून टाळले किंवा नकार दिला तर चार वर्षे. मल्ल बजरंग पुनियाला मार्च २०२४ मध्ये नमुना न दिल्याबद्दल तेवढीच बंदी झाली. पथकाने आधी मुदत संपलेले साहित्य आणले होते आणि त्याचे उत्तर आपल्याला मिळाले नाही, हा त्याचा बचाव टिकला नाही. टिकायला नकोच होता, कारण आक्षेप नमुना देऊन, कागदावर नोंदवून घ्यायचा असतो. पण त्या बचावाला जनमानसात जी सहानुभूती मिळाली, तिचे मूळ पथकांच्या कामाविषयी साचलेल्या अविश्वासात आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या चुकीची वाच्यता करायची नाही, हा या व्यवस्थेतील संकेत काहींना संशयास्पद वाटतो. प्रेक्षकाला सगळे कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. तो मान्य करण्याजोगा नाही, कारण एका हुकलेल्या चाचणीचा अर्थ नियमानेच शून्य ठेवला आहे, आणि शून्याची जाहिरात केली की लोक त्यात आपापल्या मनातला आकडा भरतात. तिसऱ्या चुकीनंतरचा निकाल मात्र संपूर्ण, कारणमीमांसेसह प्रसिद्ध व्हायला हवा. कोलमनची पावती आणि नासेरच्या इमारतीतले ते भलते दार जगाला कळले, ते अॅथलेटिक्सच्या स्वतंत्र सचोटी विभागाने निकालपत्रे खुली केली म्हणून. आणि ती वाचल्यावरच पहिल्या प्रकरणात खेळाडूचा खोटेपणा आणि दुसऱ्यात तपासनीसाचा गोंधळ असे वेगवेगळे मोजमाप करता आले. जिथे नाव, कलम आणि बंदीची मुदत एवढीच एका ओळीची नोंद बाहेर येते, तिथे हे दोन खेळाडू एकाच यादीत एकाखाली एक छापले जातात.